ठिपकू अडकला पंख्यात

एक होती खाडी. खाडीत होता चिखल. चिखलात होतं एक बीळ. बिळात राहायची एवढीशी चिंबोरी, खाडीतली खेकडी. तिचं नाव टिचू. टिचूला होता एक भाऊ, तिच्याहूनही लहान, एवढुस्सा. त्याचं नाव ठिपकू.

एके सकाळी टिचू उठली. बघते तर ठिपकू नाही. बिळात नाही, चिखलात नाही, तिवराच्या झाडाच्या मुळाशी नाही.

तेवढ्यात आवाज आला. "ताई, ऊं ऊं. ताई, ऊं ऊं."

ओहोटी होती. पोशा नाखवाची होडी चिखलात टेकली होती. होडीला मागे मशीन. मशीनला तीन पात्यांचा पंखा. पंखा पाण्यात गर्रगर्र फिरला की होडी पळते. पण काल पंख्याला गुंडाळली जाळ्याची दोरी. आणि त्या दोरीत, पंख्याच्या मागे, अगदी आत, अडकला होता ठिपकू. मासळीचा तुकडा खायला गेला, आणि आठही पाय गुंतवून बसला.

टिचूनं दोरी ओढली. दोरी सुटेना.

"रडू नको. मी आलेच," ती म्हणाली, आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचू गेली नाखवाकडे. नाखवा जाळं शिवत बसला होता.

"नाखवाकाका, पंखा काढ ना. ठिपकू काही सुटेना."

नाखवानं डोळे बारीक करून बघितलं. "मना तर कोन दिसत नाय गो. आन पंखा बसलाय गच्च. पुनवेला काढून ग्रीस लावायचा, तो राहिलाच. तेल नाय, तर पंखा नाय. भरती आली का मशीन चालू करीन. दोरी तुटंल आपोआप."

दोरी तुटेल. आणि ठिपकू? टिचूचे पाय लटलट कापायला लागले. पण कापत कापत ती निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचू गेली नाखविणीकडे. नाखवीण अंगणात मिरच्या वाळवत होती.

"नाखवीणकाकी, तेल दे ना. नाखवा पंखा काढेना. ठिपकू काही सुटेना."

"तेल हाय वरच्या फळीवर," नाखवीण म्हणाली. "फळीवर बसलाय बोका. हात लावला का ओरबाडतो मेला. बोका उठला नाय, तर तेल नाय."

टिचूनं फळीकडे बघितलं. वर दोन हिरवे डोळे होते. तिचे पाय लटलट कापायला लागले. पण कापत कापत ती निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचू गेली फळीखाली.

"बोकेदादा, ऊठ ना. नाखवीण तेल देईना. नाखवा पंखा काढेना. ठिपकू काही सुटेना."

बोक्यानं तिला न्याहाळलं. मिशांवरून जीभ फिरवली. "तुला खाल्लं असतं. पण तू कडक. माझे दात दुखतील. होडी बंद, म्हणून घरात मासळी नाही. मासा नाही, तर उठणं नाही."

टिचूचे पाय लटलट कापायला लागले. पण कापत कापत ती निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचू गेली बगळ्याकडे. बगळा चिखलात एका पायावर उभा होता. बगळे चिंबोऱ्या खातात. टिचूला ते चांगलं माहीत होतं. म्हणून ती जरा लांबच उभी राहिली.

"बगळेदादा, मासा दे ना. बोका फळी सोडेना. नाखवीण तेल देईना. नाखवा पंखा काढेना. ठिपकू काही सुटेना."

"मासे गेले ओहोटीबरोबर," बगळा म्हणाला. "पाणी येऊ दे, दोन धरीन. एक माझा, एक तुझा. पाणी नाही, तर मासा नाही."

पाणी? पाणी आलं की होडी तरंगणार. होडी तरंगली की मशीन चालू होणार. टिचूला रडू आलं. पाय लटलट, डोळे डबडब. पण कापत कापत ती निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचू गेली खाडीच्या तोंडाशी. तिथे भरती दबा धरून बसली होती. मोठी, काळी, गार. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक.

"भरतीमावशी, ये ना. बगळा मासा देईना. बोका फळी सोडेना. नाखवीण तेल देईना. नाखवा पंखा काढेना. ठिपकू काही सुटेना."

"मला बोलावतेस?" भरती म्हणाली. "मला बघून सगळे पळतात. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. खूप वाटते."

"मी एकदा निघाले की थांबत नाही हं."

"माहीत आहे," टिचू म्हणाली. "पण आधी थोडीच ये. माझ्या गुडघ्याएवढी. नाखवाच्या नाही."

भरती हसली. आणि निघाली.

चुबुक चुबुक, पाणी आलं. पाण्याबरोबर मासे आले. बगळ्यानं चोच मारली, टप टप. दोन मासे. एक गिळला, एक नेऊन नाखविणीच्या दारात टाकला. बोक्यानं उडी मारली, धप्प. नाखविणीनं तेल काढलं आणि लगबग किनारा गाठला. टिचू मागे, तुरुतुरु, तुरुतुरु.

तोवर पाणी होडीखाली शिरलं होतं. होडी हलत होती. डुलुक डुलुक. नाखवा होडीत चढला होता. मशीन चालू करायला त्यानं हात पुढे केला होता.

टिचूनं डोळे मिटून घेतले.

"अवो, थांबा," नाखवीण म्हणाली. "तेल आनलाय. आन ऐका जरा, आत कोनतरी रडतंय."

नाखवाचा हात थांबला. तो वाकला. कान लावला. "ऊं ऊं. ताई, ऊं ऊं."

"अरं देवा, खरंच हाय की कोन," नाखवा म्हणाला. त्यानं मशीन वर उचललं. मग तो पाण्यात उतरला. तेल घातलं, टिप टिप. पिन काढली, कुट्ट. नट फिरवला, किर्र किर्र. पंखा निघेना. लाकूड लावून हातोडा मारला, ठक. पंखा निघेना. ठक ठक. निघेना. पाणी आलं नाखवाच्या गुडघ्याएवढं. ठक ठक ठक.

सुटला. पंखा सुटला.

दोरी निघाली, सर्र. ठिपकू पडला पाण्यात, टुपुक.

नाखवानं पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावला, भरपूर, कोपरापर्यंत हात माखून.

टिचूनं ठिपकूला धरलं आणि बिळात नेलं. वरून चिखलाचं दार लावलं. वर भरती आली, मोठी, काळी, गार. आत अंधार झाला.

"ताई, तू गेलीस ना, तेव्हा मी खूप घाबरलो," ठिपकू म्हणाला.

"मीपण. अजून घाबरलेलीच आहे मी."

"मग माझी नांगी धर," ठिपकू म्हणाला.

टिचूनं धरली. हळूहळू तिचे पाय कापायचे थांबले.

खाडी भरली काठोकाठ, दोघं झोपली पाठीला पाठ.