चहा पाजणारा कारखानदार

ओढ्यापलीकडच्या एका गावात एक कारखानदार होता. कडबाकुट्टीची, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायची यंत्रं बनवायचा. यंत्र दणकट, माणूस त्याहून दणकट, आणि डोकं सगळ्यांत दणकट. आत काही शिरायचंच नाही.

शेजारच्या शहरात इंजिनिअरिंगचं कॉलेज होतं. तिथली पोरं दर उन्हाळ्यात काम शिकायला त्याच्याकडं यायची. तो नाही म्हणायचा नाही. पंख्याखाली बसवायचा, चहा-भजी द्यायचा, लांबून कारखाना दाखवायचा. जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता, त्याच्या पलीकडं पोरांनी पाऊल टाकायचं नाही. शेवटी सगळ्यांना शिक्क्याचा दाखला, एक फोटो, आणि कॉलेजच्या समारंभात याच्या गळ्यात हार. वर सांगत फिरायचा, पोरांसाठी आपण लई करतो. अहो, पोहायला शिकवतो म्हणायचं आणि विहिरीच्या काठावर बसवून सरबत पाजायचं, तसलं हे.

कारखान्यात आणखी एक खोड होती. मोडलेला भाग मालकाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. पडला की मालक आई-बाप काढायचा. म्हणून काही मोडलं की मिस्त्री ते गुपचूप मागच्या भंगारात फेकायचा आणि नवं बसवायचा. मालकाची समजूत अशी, की आपल्याकडं काही मोडतच नाही.

मग एका वर्षी तक्रारी सुरू झाल्या. ओला चारा घातला की यंत्राच्या रोलरला गुंडाळून बसायचा आणि लोक हात घालून तो ओढायचे. त्यात एका बाईची बोटं गेली. लोकांनी यंत्रं ट्रॉलीत घालून परत आणली आणि कारखान्याच्या दारात उतरवली. ती बाईही आली. ओरडली नाही की रडली नाही. पट्टी बांधलेला हात पुढं केला आणि म्हणाली, "दादा, याच हातानं भाकरी थापत होते मी."

कारखानदाराला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्या हंगामाआधी हे सुटलं नाही तर कारखान्याला कुलूप. आणि न सोडवता यंत्रं विकली तर आणखी कुणाचा तरी हात. त्यानं कॉलेजात निरोप धाडला, माझ्याकडं शिकून गेलेली पोरं पाठवा.

चौघं आली. यंत्राभोवती नुसती फिरली. कारखानदार तडकला. "माझ्याकडंच शिकलात ना? दाखले दिलेत मी."

त्यातली एक पोरगी म्हणाली, "काका, तुमच्या चहात आलं किती घालतात ते सांगते. यंत्राला आम्ही कधी हात लावला नाही."

मिस्त्री तोंड फिरवून हसला. कारखानदाराला राग आला, पण तो पट्टी बांधलेला हात डोळ्यांपुढून हलेना. "या, पिवळ्या पट्ट्याच्या आत या," तो म्हणाला. "लावा हात."

पोरांनी ठरवलं, रोलर उलटे फिरवणारा एक दांडा बसवायचा. दांडा ओढला की अडकलेला चारा आपोआप बाहेर, हात घालायची गरजच नाही. मिस्त्रीनं भाग घडवून दिले, पोरांनी बसवले. ओला चारा घातला, तो अडकला, पोरीनं दांडा ओढला. कडाड. गिअरचे दात तुटले.

मिस्त्री सवयीनं तुकडे उचलून भंगाराकडं निघाला. पोरीनं ते त्याच्या हातातून घेतले आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवले, जेवणाच्या डब्याशेजारी. आता यांचं बिऱ्हाड उठलं, हे मिस्त्रीनं धरलंच होतं.

कारखानदारानं तोंड उघडलं. शिवी अगदी ओठावर आली होती. ती गिळून त्यानं एक तुकडा हातात घेतला. उभ्या आयुष्यात आपल्याच यंत्राचा तुटलेला दात तो पहिल्यांदा बघत होता.

"कशानं तुटला?"

"जोरात सरळ चाललेलं एकदम उलटं ओढलं म्हणून," पोरगी म्हणाली. "दांड्याला मधे एक जागा पाहिजे, तिथं रोलर आधी थांबतील. मग उलटं."

कारखानदारानं तुकडा डब्याशेजारी परत ठेवला. "मग करा मधे जागा," तो म्हणाला. "आणि मिस्त्री, मागं भंगारात काय काय दडवलंय ते सगळं इथं आणा."

ढीग आला. टेबल पुरेना. कुठलं कसं मोडलं ते मिस्त्री सांगत गेला, पोरं उलटसुलट करून बघत गेली. नंतरही गिअर मोडले, आणि प्रत्येक मोडका गिअर टेबलावर आला. शेवटी एक टिकला.

परत आलेली यंत्रं दांडा बसवून ज्याची त्याला पोचती झाली. पहिलं त्या बाईच्या गोठ्यात. तिनं ओला मका कोंबला, अडकला, डाव्या हातानं दांडा ओढला, चारा बाहेर. बोटं काही परत आली नाहीत. ती गोष्टीतसुद्धा येत नाहीत. बाई एवढंच म्हणाली, "दादा, हे आधी का नाही केलंत?"

पुढच्या उन्हाळ्यात पोरं आली तेव्हा पिवळा पट्टा खरवडून काढलेला होता. चहा मिळाला, पण तो तेलानं काळ्या झालेल्या हातांनी प्यावा लागला. कॉलेजचा हार त्यानं त्या वर्षी घेतला नाही.

तात्पर्य एवढंच: पोरांना हात द्यायचा असेल तर त्यांच्या हातात काम द्या, आणि ते मोडलं तर बघायची हिंमत ठेवा. नुसता चहा तर टपरीवालाही पाजतो.