थोराक्काचं शिंग

खूप वर्षं झाली या गोष्टीला. गवताळ रानात गेंड्यांच्या अंगावरचे गोचीड टिपणाऱ्या तांबी पाखराच्या कानावर गिधाडांची कुजबुज पडली, "उद्या थोराक्काचं शिंग जाणार, मग आपली पंगत..." पुढचं वाऱ्यानं नेलं.

तांबी धापा टाकत थोराक्काकडे, त्या पांढऱ्या गेंडिणीकडे आली. "आक्का, पळा! उद्या तुमचं शिंग न्यायला माणसं येतायत!"

"राखणदार असतील गं. शिकारी शिंगापायी जीव घेतात, म्हणून हे आधीच नखासारखं कापून नेतात. परत वाढतं ते."

"आणि तुमचा रुबाब?"

"रुबाब काय चाटायचाय? लेकरू अजून अंगावर पितंय."

दुसऱ्या दिवशी शिंग गेलं. सांजेला शिकारी आले आणि बोडकं नाक बघून चरफडत परतले.

गिधाडं झाडावर ओळीनं बसलेलीच होती. "गेलं ना शिंग?"

"गेलं हो," तांबी ठसक्यात म्हणाली, "पण पानं उचला आता. आक्का चरतायत."