बंधाऱ्याखालचा जामीन

संस्थान गेलं, राजवाड्यात आता कचेरी भरते. पण आसरखेडचा बंधारा अजून पाणी धरून आहे. म्हातारी माणसं तिथं टेकली की लिंबाजी गवंड्याची आठवण निघतेच.

बंधाऱ्याचा मक्ता लिंबाजीला मिळाला, पण काम फसलं तर भरपाई करणारा जामीन हवा होता. त्यानं रखमाजी माळ्याला उभं केलं. रखमाजीची मोठी बाग होती, ऐपत होती. कारभारी बापूराव मात्र अडून बसले.

"जामीन राहील तर आमचा मेहुणा! नाहीतर मक्ता दुसऱ्याला."

मेहुणा लांब शहरात राही आणि जामीन राहण्याचा मोबदला घसघशीत मागे. तो द्यायचा तर चुन्यात वाळू वाढवावी लागणार, हे लिंबाजीला कळून चुकलं. भर दरबारात राजेसाहेबांपुढे हात जोडून तो म्हणाला, "मेहुणेसाहेब कबूल, सरकार. फक्त चार पावसाळे त्यांनी बायकामुलांसह बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला राहावं."

"वेड लागलंय का तुला?" कारभारी ओरडले. "बंधारा फुटला म्हणजे?"

"हाच प्रश्न रखमाजीला रोज पडेल, सरकार. त्याचं घर तिथंच आहे. म्हणून तर तो रोज येऊन माझा चुना चिमटीत धरून पाहील."

राजेसाहेब खो खो हसले आणि त्यांनी तिथंच नियम केला: जामीन मक्तेदारानं निवडावा, दरबारानं फक्त त्याची ऐपत पाहावी.

रखमाजीचे पणतू आजही बंधाऱ्याखालीच राहतात. भर पावसाळ्यातसुद्धा गाढ झोपतात.