राजांचं ताक आणि येसूची साखळी

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. राजे गजसेन झोपाळ्यावरून पडले तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हणजे मी नव्हतो, माझे खापरपणजोबा होते. तेही नसावेत, पण आवाज आमच्या गावापर्यंत आला होता, एवढं नक्की!

सिंहासनावर वारा लागत नाही म्हणून हे राजे दरबारही झोपाळ्यावर बसून भरवायचे. एके दिवशी साखळी तुटली आणि राजे आदळले. पडण्याचं दुःख कुणाला होतं? समोर नवे व्याही बसले होते, आणि ते हसले! तोंडातला विडा बाहेर येईपर्यंत हसले!

साखळी केली होती रखमाजी लोहारानं. राजांनी त्याला तडक कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक येसू दरबारात हजर. भट्टीपाशी भाता ओढत वाढलेली पोर. तिची जीभही त्याच निखाऱ्यांवर तापलेली.

"महाराज, माझ्या बाला सोडा. नवी साखळी मी करून देते."

"बारा वर्षं टिकेल?" राजांनी विचारलं.

"टिकेल की!"

"मग बारा वर्षं झुलून बघतो. टिकली, की तुझा बाप सुटला!"

दरबारानं माना डोलावल्या. येसूनं मात्र मनात हिशेब केला. साखळी टिकेल हो, पण कोठडीत म्हातारा बा टिकेल का?

"बारा वर्षं टिकते हे मी नारळी पौर्णिमेलाच दाखवलं तर?"

राजांना मोठी मौज वाटली. "त्या दिवशी व्याही परत यायचेत. दाखव! पटलं तर बाप मोकळा. नाही पटलं तर तूही आत!"

"कबूल. पण आधी एक सांगा. महाराजांचं वजन किती?"

प्रधान खाकरले. "ते राज्याचं गुपित आहे!"

"राहू द्या. दळायची दोन जाती आणि वर प्रधानीणबाई, असं धरते."

जाताना तिनं जमिनीवरची तुटकी कडी उचलली. गंजून पोखरलेली, आणि वास आंबूस! तिनं वर पाहिलं. राजे नव्या दोरखंडाच्या झोपाळ्यावर हेलकावे घेत होते. उजवा हात दोराला वेढलेला, हातात ताकाचा पेला, आणि दर झोक्याला दोरावरून ताकाचा ओघळ! येसूला सगळं उमगलं, आणि जन्मात पहिल्यांदाच ती गप्प बसली.

घरी मायलेकींनी एकाच लोखंडाच्या, एकाच भट्टीत, हुबेहूब सारख्या साखळ्या घडवल्या. तोवर नागपंचमी आली. त्या दिवशी गावच्या बायका झोके घेतातच. येसूनं राजवाड्यापुढच्या वडाला झोपाळा टांगला, फळीखाली दोन जाती बांधली आणि ओरडली, "बायांनो, यंदा झोका पौर्णिमेपर्यंत!"

माहेरी आलेल्या लेकींना आणखी काय हवं होतं? "हा सासूला! हा नणंदेला! हा आमच्या यांना!" म्हणत एकेक अशी झोका चढवायची की फांदी कण्हायची. आणि येसू अधूनमधून साखळीवर आंबट ताक ओतायची.

प्रधान धावत आले. "अगं, अशानं तुटेल ना ती!"

"तुटायलाच हवी! व्याह्यांपुढं तुटण्यापेक्षा इथं तुटू दे!"

आणि तुटली! नेमक्या प्रधानीणबाई चढल्या होत्या. त्या हवेतून गेल्या आणि थेट गवताच्या गंजीत पडल्या. सगळे त्यांच्याकडं धावले. येसू मात्र साखळीकडं! कडी तुटली होती ती नेमकी तिथंच, हाताच्या उंचीवर, जिथं ताक ओघळायचं.

मग येसूनं तेवढ्या जागी कल्हई केलेल्या पितळी कड्या घालून त्याच भट्टीत दोन नव्या जुळ्या साखळ्या केल्या. एक वडाला टांगली, एक कोरी राखली. वडाची काही तुटेना! दोघी चढल्या, तिघी चढल्या, प्रधानीणबाई हट्टानं पुन्हा चढल्या. राजे बारा वर्षांत सांडतील तेवढे ताकाचे हंडे संपले, साखळी तशीच!

पौर्णिमेला कोरी साखळी दरबारात लागली. व्याही विडा चघळत बसले होते.

"बाचा काही दोष नव्हता," येसू म्हणाली. "पहिली साखळी तुमच्या ताकानं खाल्ली, महाराज! हिला मी ताक पचवायला शिकवलंय. वडाखाली हिच्या बहिणीनं तुमची बारा वर्षं काढली."

राजे लाल झाले. पण हरतील ते राजे कसले?

"जी झुलवलीस तिची बारा वर्षं सरली. जी इथं टांगलीस ती झुलवलीच नाहीस! मग हिचा भरवसा कसला? शिपाई, हिलाही घेऊन जा!"

तेवढ्यात राजांचं ताट आलं. विषबिष नाही ना, हे पाहायला ठेवलेल्या भुजंग नावाच्या हुजऱ्यानं रिवाजाप्रमाणे नारळीभाताचा एक घास खाल्ला आणि ढेकर दिली. राजांनी घास उचलला.

"थांबा, महाराज!" येसू किंचाळली. "खाऊ नका!"

राजांनी घास तोंडापासून लांब धरला. "का गं? विष?"

"कुणाला ठाऊक! भुजंगाकाकांनी चाखलेला घास गेला त्यांच्या पोटात. तुमच्या हातातला कुणी चाखलाय?"

"अगं वेडे, एकाच पातेल्यातला भात आहे हा!"

"मग साखळीही एकाच भट्टीतली आहे, महाराज!"

आधी व्याही हसले. मग राजे हसले, पोट धरून हसले, हसत हसत झोपाळ्यावर बसले आणि व्याह्यांनाही शेजारी ओढलं. साखळी कुरकुरलीसुद्धा नाही!

रखमाजी त्याच घटकेला सुटला. येसूला सोन्याचं कडं मिळालं, आणि राज्यात एक नवं पद निघालं: मोडणीस! राजवाड्यात येणारी प्रत्येक वस्तू आधी येसूनं मोडून पाहायची, मग राजांनी वापरायची. ताक मात्र तेव्हापासून जमिनीवर बसूनच.

आता कबूल करायलाच हवं. यातली एक गोष्ट मी पदरची घातली आहे: गवताची गंजी. प्रधानीणबाई पडल्या तिथं प्रत्यक्षात काहीच नव्हतं.