मानाचा बैल ओढ्यात बसला

भद्रपुरात सुबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या खिल्लारात वासरू होऊन जन्मला. लहानपणीच त्याला तांबडा ताप आला. या तापात जनावराचे अंग फणफणते, लघवी रक्तासारखी लाल होते आणि बहुतेक वासरे दगावतात. बोधिसत्त्व वाचला आणि मोठेपणी असा देखणा बैल झाला, की लोक त्याला शंखवर्ण म्हणू लागले.

तापातून वाचलेले जनावर मोठ्या पुण्याचे, असे तिथले गुराखी मानीत. म्हणून पावसाळा सरला की सोमिल नावाचा राजाचा गुराखी शंखवर्णाला झूल घालून गावोगाव नेई. गोठ्यागोठ्यात त्याचा मुक्काम होई. ताप दूर राहावा म्हणून वासरे त्याच्या अंगाशी भिडवीत आणि त्याला गूळ चारीत. बोधिसत्त्व गुळाला कधी नाही म्हणत नसे. शेवटी बैलाचाच जन्म तो!

ताप मात्र पसरतच चालला. वासरे आजारी पडली की लोक म्हणत, "मुक्काम कमी पडला, पुन्हा आणा." सोमिल पुन्हा नेई.

बोधिसत्त्व हे पाहत होता. पुढच्या गावांतली वासरे बागडत होती, मागच्या गावांतली माना टाकत होती. एके सकाळी गोठा सोडताना त्याच्या मानेखालून रक्त पिऊन टम्म झालेले गोचीड खाली गळाले. तिथेच वासरे बांधलेली होती. बोधिसत्त्वाला सारे उमगले.

पुढचा मुक्काम ओढ्यापलीकडे, उत्पला गवळणीकडे होता. तिचे सारे घर गाईंवर चालत असे, आणि तिच्या गोठ्यात ताप अजून शिरला नव्हता. शंखवर्ण ओढ्यात आला आणि पाण्यातच बसला. सोमिलाने गूळ दाखवला, मग चाबूक ओढला. तो हलला नाही.

आरती घेऊन उभी असलेली उत्पला चिडली. "काय रे बाबा, गरिबाचा गोठा तुला कमी वाटला होय?"

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला, "माय, तुझी वासरे धडधाकट आहेत, म्हणूनच येत नाही. मी वाचलो, पण ताप माझ्या रक्तात राहिला. माझे गोचीड तो गोठ्यागोठ्यात पोचवतात."

सोमिलाचा चेहरा उतरला. "अरे, मग तुझी झूल, तुझा मान?"

"झूल काढ. मला टेकडीवर एकटे ठेवा. प्रत्येक जनावराचे गोचीड वेचून जाळा आणि आजारी गुरे वेगळी बांधा."

राजाने तशी दवंडी पिटवली. हळूहळू गोठे सुधारले. शंखवर्ण टेकडीवर एकटाच चरत असे. खालून वासरांचे हंबरणे ऐकू आले की त्याला फार बरे वाटे. उत्पला रोज वर जाऊन त्याचे गोचीड वेची, जाळी, आणि जाताना गुळाचा खडा त्याच्या तोंडात घाली. एवढा मान त्याने अखेरपर्यंत घेतला.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, मला हत्तीवरून मिरवायला आज जो श्रेष्ठी आला आहे, तो तेव्हा सोमिल होता. आजारी भिक्षूंच्या जखमा धुणारी आपली उपासिका म्हणजे उत्पला. बैल मी होतो. आपल्या मानाने दुसऱ्याचे अहित होत असेल, तर तो मान हसत उतरवून ठेवावा. याचे नाव त्याग."

श्रेष्ठीने हत्ती परत पाठवला आणि तो उपासिकेच्या हातातली पाण्याची घागर घ्यायला गेला.