काळ्या कोकराचा चारा

एकदा काय झालं, माळावरच्या एका गावात एक काळं कोकरू आलं. कुणाच्या कळपातलं, ते कुणालाच ठाऊक नाही. दिसायचं फक्त एका मुलीला. तिचं नाव लगमा.

लगमाची आई सुंद्रा घोंगड्या विणायची. घरातच जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आई मागावर बसलेली, हातात धोटा. धोटा म्हणजे धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडीच, बरं का. दिवसभर पळायची सर्र, सर्र.

तर शेजारची म्हातारी मेंढी एका दुपारी सावलीला बसली, ती उठलीच नाही. लगमानं ते पाहिलं. घरी आली, तर मागोमाग हे कोकरू. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालं, "तुझी आईपण अशीच बसेल आणि उठणार नाही."

लगमा घाबरली. "आई, तू मरणार का गं?"

आईनं धोटा थांबवला. "छे गं! मी कुठं मरते?"

लगमाला बरं वाटलं. पण कोकरानं ते उत्तर चाटूनपुसून खाल्लं आणि बोटभर वाढलं. मग पुन्हा कानाशी आलं. "नक्की ना? विचार की परत."

मग काय! दिवसातून वीसदा, चाळीसदा तेच. आई खोकली की विचार. आईनं डोळे मिटले की नाकाशी बोट धर. आई पाण्याला निघाली की पदर धरून मागं. लगमानं खेळणं सोडलं. जेवण दोन घासांवर आलं. आणि आई दर वेळी धोटा थांबवून म्हणायची, "नाही गं बाळा." आता धोटा थांबला की घोंगडीत जाड रेघ उठते. विणून झालेली तेवढी घोंगडी रेघारेघांची झाली.

मग बाप मायाप्पा पुढं झाला. त्यानं देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, उचलला. "बिरोबाची आण, तुझी आई कधीच मरणार नाही!" कोकरानं आण गिळली आणि ते शेळीएवढं झालं.

मग वैद्य आला. त्यानं सुंद्राची नाडी धरली आणि सांगितलं, "शंभर वर्षं जगेल ही." कोकरानं शंभर वर्षं एका घासात खाल्ली. त्याला शिंगं फुटली.

मग आईच विचारायच्या आधी सांगायला लागली. उठताबसता, "नाही हं, मी मरत नाही." आता तर कोकराचा चांगला मेंढा झाला. दारात मावेना.

एवढ्यात आपली घोंगडी किती झाली ते बघायला आंबव्वा आली. म्हातारी धनगरीण. आठ दिवसांनी तिचा कळप थंडीत दूरच्या रानात निघायचा होता. सगळी हयात मेंढरांत गेलेली, तिला मेंढा दिसल्याशिवाय राहतोय होय?

"सुंद्रे, एवढा मेंढा पोसलास? चारा काय घालतेस गं?"

"मेंढा? कुठला? मी काही नाही घालत, आज्जी."

"काही कसं नाही! गावभर ऐकलंय मी. आण घातलीत, शंभर वर्षं घातलीत. आता उपाशी ठेव त्याला."

"पोर रडेल माझी."

"रडेल की. तू फक्त उठून जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आईनं लगमाला मागाशी जवळ बसवलं. लगमानं विचारलंच, "आई, तू मरणार का?"

आई म्हणाली, "मरेन कधीतरी. सगळेच मरतात. कधी, ते मला ठाऊक नाही. हे एकदा सांगितलं, आता पुन्हा सांगणार नाही. तू इथं माझ्याजवळ बस. पलीकडून धोटा पकड."

पहिल्या दिवशी मेंढ्यानं दाराला धडका दिल्या. लगमा उचकी लागेपर्यंत रडली. आईचेही डोळे भरले. पण धोटा? सर्र, सर्र. थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढा उंबऱ्याशी बसून राहिला. लगमानं विचारलं. आईनं नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. धोटा आला, लगमानं पकडला.

तिसऱ्या दिवशी मेंढा वाळून पुन्हा कोकराएवढा झाला. कानाशी येऊन पुटपुटला, "विचार की."

लगमा म्हणाली, "तूच विचार जा. मला धोटा पकडायचाय." आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, आज भाकरीबरोबर काय गं?"

सुंद्रा हसली. अशी हसली, अशी हसली, की हातातला धोटाच थांबला.

आठव्या दिवशी आंबव्वा आली. तिनं घोंगडी उलगडली. अर्धी रेघांची, पुढं सगळी एकसारखी. शेवटाकडं मात्र एकच जाड रेघ.

"आणि ही कशाची गं?"

"ती हसण्याची, आज्जी."

आंबव्वानं ती घोंगडी खांद्यावर टाकली आणि कळपामागं निघाली. लगमा पोटभर जेवून खेळायला पळाली. कोकरू अजून येतं कधी कधी. येऊ दे. कोपऱ्यात बसतं, चारा मिळत नाही, मग झोपून जातं.

काय गं पोरी, मला काय विचारलंस? "आजी, तू पण मरणार...?"

अं हं. बघ, कोपऱ्यात कुणीतरी कान टवकारले. पाय आत घे, पांघरूण ओढ. सकाळी थालीपीठ लावायचंय, पीठ तू मळणार आहेस. झोप आता.