फातिमाबीच्या पुढचा दगड

“म्हणजे दगडावर आपटलं तरी याला काही होत नाही?”

बुऱ्हाणशा फकिरानं मशीनच्या रबरी कोपऱ्यावर बोट फिरवत विचारलं.

“काही नाही, बाबा. पाण्यात टाका, धुळीत लोळवा. सैन्यासाठी बनवतात असली.” हेरंब सातपुतेनं कीबोर्डापासून पडदा उपटला. लॅपटॉपची पाटी झाली.

“मग याला मरण नाही.”

“नाही.”

“बिचारं...” फकीर म्हणाला.

हेरंब हसला. इंजिनीअरिंग कॉलेजात तो शिकवायचा, आणि दर गुरुवारी, जुमेरातीला, या टेकडीवर यायचा. स्वतःला तो बुऱ्हाणशाचा चेला म्हणवायचा. फकिरानं पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, “लोबानाचं भांडं धर आणि माझ्यामागून चाल.” चेल्यानं भांडं काही धरलं नव्हतं. धुरानं त्याचे डोळे चुरचुरायचे.

टेकडीच्या पोटातून पाण्याचा बोगदा गेला आहे. तो खणताना मेलेली माणसं टेकडीच्या माथ्यावर आहेत. कुणी सुरुंगात गेलं, कुणी तापात. तेलंगणातल्या पालमूरकडचे, ओडिशाचे, बिहारचे. किती फूट खणलं याचा हिशेब कंपनीकडे आहे, किती माणसं पुरली याचा नाही. कंपनी ट्रॅक्टर पाठवायची. त्यातून मढी उतरवून घ्यायला एकटा बुऱ्हाणशा असायचा. खड्डा तोच खणायचा, उशाला एक धोंडा लावायचा. जात विचारायला वेळ नसे. नाव तेवढं विचारून ठेवायचा.

उद्या सकाळी टेकडीवर रस्त्याचं काम येणार होतं. साहेब सांगून गेले होते : आज संध्याकाळपर्यंत कोण कुठे आहे ते दाखवा, ज्यांचे नातेवाईक असतील त्यांनी हाडं न्यावीत. ज्याचं नाव नाही, तो खालच्या खड्ड्यात. सगळे एकत्र. वर पाटी लागणार होती : बेवारस.

वारस फाटकाशी बसली होती. पोचम्मा. तिचा बाप मल्लय्या याच बोगद्यात गेला, तेव्हा ती कडेवरची होती. आता केस पिकले होते. मांडीवर तिनं नवं कोरं पांढरं फडकं घडी करून धरलं होतं.

“बाबा, माझा बाप कुठला?” तिनं आल्या आल्या विचारलं होतं.

“असा नाही सांगता येत, पोरी. लिंबापासून चालत गेलो की येतो तो.”

ते खरंच होतं. फकिराच्या डोक्यात नावं सुटी नव्हती. फाटकाजवळच्या लिंबापासून तो निघायचा, मोरपिसांचा कुंचा एकेका धोंड्याला लावायचा आणि बोलायचा. एक नाव दुसऱ्याला उठवायचं. मध्ये कुणी टोकलं, की त्याला परत लिंबापाशी जावं लागायचं.

“चला, मग चालू या,” पोचम्मा उठली.

“बाई, तुम्ही बसा,” हेरंब म्हणाला. “उगाच मध्ये पाय नकोत. एकदाच नीट करू. पडद्यावर टेकडीचा फोटो आहे, त्यात एकेका धोंड्यावर पेननं खूण करून नाव लिहितो. मग तुमचा बाप कुठे आहे ते पडद्यावर दिसेल, एका हाताचासुद्धा फरक पडणार नाही.”

ती बसली. शिकलेल्या माणसाचं ऐकायची तिला सवय होती.

फकिरानं पहिल्या धोंड्याला कुंचा लावला. “हा लिंगय्या. शिट्टी वाजवायचा, सुरुंगाच्या आधी. त्याच्या डाव्या हाताला यादुल. मग चंद्री, आणि तिच्या कुशीत तिचं तान्हं. त्याला नाव ठेवायचं राहिलं होतं. त्याला तान्हंच म्हणायचं...”

“थांबा, बाबा!”

फकीर थांबला.

“मी लिंगय्यावर पेन टेकवतोय आणि खूण यादुलवर पडतेय.”

“मग?”

“मग काय! चुकीच्या माणसावर चुकीचं नाव जाईल. नवीन ऑपरेटिंग सिस्टिम आहे. पेनची जागा अजून जुळलेली नाही.”

“जुनी कुठे गेली?”

हेरंबचा आवाज चढला. “जुनी बनवणाऱ्यांनी ठरवलं, या मशीनचं वय झालं! धडधाकट मशीन, बाबा. ओरखडा नाही. आणि हे म्हणतात, फेकून द्या, नवं घ्या. म्हणून मी दुसरी टाकली, फुकटातली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. या पेनड्राइव्हवरून चालू करून बघतोय. जमलं तर कायमची.”

“आजच बघतोयस?”

“अशाच जागी खरी परीक्षा होते. ऊन, धूळ, घाई.”

फकिरानं त्याच्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि लिंबापाशी जाऊन उभा राहिला.

हेरंब धोंड्यावर बसून, कीबोर्ड पुन्हा जोडून आज्ञा टाइप करत राहिला. खूण जागेवर यायला लागली तेव्हा त्यानं हात वर केला.

“हा लिंगय्या. शिट्टीवाला. हा यादुल. ही चंद्री, हे तान्हं. हा बिरजू, घरी पत्र लिहायला सांगायचा आणि मजकूर सांगताना रडायचा. हा...”

“थांबा, थांबा.”

या खेपेला हेरंब वाकला तसा पडदाच उलटा झाला होता. टेकडी वर, आभाळ खाली. पाटी कशीही धरली तरी मशीनला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेना.

“याला खाली-वर समजत नाही?” फकिरानं विचारलं.

“आतला सेन्सर आडवा बसवलाय. सिस्टिमला सांगावं लागेल.”

“कुणी सांगायचं?”

“मीच. दहा मिनिटं.”

“मला तर साठ वर्षांत कुणी सांगितलं नाही,” फकीर म्हणाला आणि लिंबाकडे निघाला. या वेळी त्याला दोनदा थांबून दम खावा लागला.

पोचम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. “मास्तर, कागदावर लिहा ना. नाहीतर फोनमध्ये बाबांचा आवाज भरा. म्हातारा माणूस आहे.”

“आवाजात जागा दिसत नाही, बाई.” हेरंबनं मान वर केली नाही. “अर्धवट काम मी करत नाही. चुकीच्या कबरीवर नाव टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.”

“बरं...” ती म्हणाली. फडक्याची घडी उलगडून तिनं पुन्हा घातली.

ऊन डोक्यावर आलं. फकीर निघायचा, बोलायचा, आणि कुठेतरी मशीन अडायचं. कधी नाव लिहायला बोट टेकवलं तर अक्षरांची पट्टी वर येईना. कधी मराठी लिहिता येईना, नुसत्या चौकटी उमटत. एकदा तो फातिमाबीपर्यंत पोचला. “ही फातिमाबी. दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापायची. तव्यापाशीच गेली...” आणि पडदा काळा झाला. मशीन झोपलं होतं.

“च्च! जागं राहायला सांगायचं विसरलो. बाबा, पुन्हा पहिल्यापासून...”

फातिमाबीच्या पुढच्या धोंड्याकडे फकिरानं एकदा पाहिलं. कुंचा थोडा उचललाही होता. मग हात खाली आला.

तो लिंबाकडे गेला, आणि या वेळी उभा न राहता बुंध्याला टेकून बसला.

दुपार कलली. खाली रस्त्यावर पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली होती. त्यांचे ड्रायव्हर सावलीत डबा खात होते.

“जमलं!”

हेरंब ओरडतच आला. त्याचा चेहरा उजळला होता. “बाबा, बघा! पेन, पडदा, जागा, अक्षरं, सगळं चालतंय. कंपनीनं मेलं म्हणून सांगितलेलं मशीन! उठा, आता न थांबता जाऊ. बाई, तुम्हीही या मागून.”

त्यानं हात दिला. फकीर त्या हातावर सगळा भार टाकून उठला. पहिल्या धोंड्यापाशी आला. कुंचा टेकवला.

...

“बाबा?”

फकिराचे ओठ हलले. आवाज आला नाही. तो धोंड्याकडे बघत होता, ओळखीचा माणूस भर बाजारात भेटावा आणि ओळख लागू नये, तसा.

“बाबा, लिंगय्या!” हेरंब घाईनं म्हणाला. “शिट्टीवाला. सकाळपासून सांगताय की.”

“हां... लिंगय्या.” कुंचा पुढे सरकला. पुन्हा थांबला.

“यादुल,” हेरंब म्हणाला.

“यादुल.”

“चंद्री. आणि तान्हं.”

“तान्हं...”

“हा बिरजू. पत्र सांगताना रडायचा.” हेरंबचा आवाज आता हळू झाला होता. पाटी त्याच्या हातातून कधीच खाली लोंबायला लागली होती. तो फकिराच्या एक पाऊल पुढे चालत होता, आणि नावं त्याच्या तोंडून येत होती. कुणी पाठ करून घेतली नव्हती. “हा किश्टय्या, वाटीभर ताक मागायचा. हा सोमारू. हा कादरभाई, याचा एकच बूट सापडला...”

प्रत्येक धोंड्यापाशी फकीर मान हलवायचा. मागून येणारी पोचम्मा प्रत्येकाच्या पाया पडायची.

“आणि ही फातिमाबी. दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापायची. तव्यापाशीच गेली.”

तो पुढच्या धोंड्यापाशी आला.

तिथं हेरंब थांबला.

वारा नव्हता. कुंच्यातलं पीसही हलत नव्हतं. माथ्यावर अजून कितीतरी धोंडे होते, पार उतारापर्यंत, सगळे सारखे.

“पुढचा माझा बाप का?” पोचम्मानं विचारलं.

ती हेरंबकडे वळली.

“मास्तर, हा कोण?”

हेरंबनं पाटी वर उचलली. भर उन्हातही पडदा स्वच्छ दिसत होता. वरची बाजू वर होती. त्यानं पडद्यावरच्या धोंड्यावर पेन टेकवलं, आणि खूण नेमकी त्याच धोंड्यावर पडली. एका बोटाचासुद्धा फरक नव्हता. खाली नावाची मोकळी चौकट उघडली, आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत राहिली.

“बाबा...”

फकिरानं कुंचा धोंड्याला लावला. डोळे मिटले. मग त्यानं कुंचा काखेत घेतला.

“बाबा, आठवा ना. फातिमाबीच्या पुढचा. तुम्ही मघाशी इथपर्यंत आला होता. हात उचलला होता तुम्ही, मी पाहिलं. मीच...”

पोचम्मानं फडकं उलगडलं होतं. ते कुठे अंथरायचं ते तिला कळत नव्हतं.

खाली पहिलं यंत्र चालू करून पाहिल्याचा आवाज आला.

हेरंब धोंड्यापाशी गुडघ्यांवर बसला. पाटी मातीत पालथी पडली. तिला काही झालं नाही.

“बाबा, याला मी विचारतो. सांगेल का हा? याचं नाव काय?”

खाली वाकून फकिरानं हेरंबचा हात धोंड्यावर ठेवला.

“आधी तुझं सांग त्याला.”